पोकलेनच्या तेलात शिरणारी धूळ

मे महिन्यात चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या खुल्या कोळसा खाणींत पारा ४५ अंशांवर जातो आणि धुळीच्या लोटात पोकलेन मशीन माती उपसत असतं. त्याचं बूम आणि बकेट हलवणारं हायड्रॉलिक तेल ३५० बारच्या आसपास दाबाखाली असतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३५० किलो भार. हे तेल बंद नळ्यांत फिरत असलं तरी धूळ आत शिरतेच. सिलिंडरचा रॉड बाहेर आला की त्यावर धूळ बसते. आत जाताना तो पुसणारं सील झिजलेलं असेल, तर ती रॉडसोबत आत जाते. टाकीतलं तेल खाली-वर झालं की टाकीच्या हवेच्या वाटेतून, म्हणजे ब्रीदरमधून, हवा आत ओढली जाते, तिच्यासोबतही धूळ येते.

सुमारे ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पंपातल्या आणि व्हॉल्व्हमधल्या फटी मात्र अनेकदा जेमतेम काही मायक्रॉनच्या असतात. मोठा कण फटीत शिरत नाही, अगदी बारीक कण आरपार निघून जातो. फटीच्या मापाचा कण मात्र अडकतो आणि पॉलिश पेपरसारखा घासतो. त्यातून सुटलेला धातूचा कण पुढे नवे ओरखडे काढतो.

मग सर्वांत बारीक फिल्टर लावला की झालं? तसं नाही. जाळी बारीक केली की तेलाला अडथळा वाढतो. नेहमीच्या वापरातलं ४६ ग्रेडचं तेल शून्य अंशाजवळ ४० अंशांच्या तुलनेत दहा पटींहून अधिक घट्ट होतं. थंड प्रदेशात सकाळी मशीन सुरू केलं की फिल्टरवर इतका दाब येतो की तो फाटू नये म्हणून बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. फिल्टर घाणीने तुंबला तरी हेच होतं. फिल्टर जागेवर असतो, गाळण मात्र थांबलेली असते.

म्हणून खरं कौशल्य आहे ते हा व्हॉल्व्ह बंदच राहील असा फिल्टर घडवण्यात. कागदाऐवजी काचतंतू वापरले, तर तंतू बारीक असल्याने तेवढ्याच जाडीत तेलाला वाट जास्त मिळते. आधी विरळ आणि मागे दाट थर दिले की घाण खोलवर साठते, फिल्टर लवकर तुंबत नाही. दाबाने घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना तारेच्या जाळीचा आधार देतात.

फिल्टरची परीक्षा मुद्दाम घातलेल्या धुळीने होते. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातली धूळ ठरावीक मापांत तयार करून फिरत्या तेलात सतत सोडतात आणि फिल्टरच्या आधीचे व नंतरचे कण मोजतात. ठरावीक मापाचे हजार कण येऊन एकच पुढे गेला, तर त्या मापासाठी बीटा गुणोत्तर १०००, म्हणजे ९९.९ टक्के पकड. पण ही चाचणी एकसारख्या प्रवाहावर होते. खाणीत बकेट क्षणात उचलली जाते, क्षणात थांबते. प्रवाहाच्या या हिसक्यांनी पकडलेले कण पुन्हा सुटतात. म्हणूनच २०२१ मध्ये बदलत्या प्रवाहातल्या चाचणीसाठी वेगळं आयएसओ मानक आलं.

मशीन चालवणाऱ्यांसाठी यातला धडा सरळ आहे. तेल स्वच्छ दिसतंय एवढ्यावर विसंबू नये. बॅरलमधलं नवं तेलही गाळूनच भरावं. आणि फिल्टर बदलायचा तो तुंबत आल्याचं त्याचा इंडिकेटर दाखवेल तेव्हा, मशीन कुरकुरायला लागल्यावर नव्हे.