हवाई माइल्सचे मूल्य : दीर्घ पल्ल्याच्या बिझनेस क्लासच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

विमान कंपन्या नियमित प्रवाशांना प्रवासाच्या मोबदल्यात जे गुण देतात, त्यांना ‘माइल्स’ असे संबोधले जाते. ठराविक माइल्स जमा झाल्यावर त्यांच्या बदल्यात तिकीट मिळते. क्रेडिट कार्डाच्या प्रसारामुळे विमानात क्वचितच बसणाऱ्या व्यक्तींच्या खात्यातही आज माइल्स जमा होतात. मात्र त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बहुधा दोन टोकांची असते. कोणी त्यांना फुकटची वस्तू समजून विसरून जातो, तर कोणी बँकेतील मुदत ठेवीप्रमाणे वर्षानुवर्षे साठवीत राहतो. या दोन्ही समजुती नुकसानीच्या आहेत. माइल हे एक खासगी चलन असून ते काढणारी कंपनीच त्याचा भावही ठरविते. हे चलन दीर्घ पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्येच सर्वाधिक मोलाचे का ठरते आणि त्या मोलाची शाश्वती किती, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

योजनेचा उगम :

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले आणि कंपन्यांमध्ये दरयुद्ध सुरू झाले. प्रवासी केवळ भाडे पाहून कंपनी बदलू लागले. त्यांना बांधून ठेवण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना सुरू केली. युनायटेड एअरलाइन्सने त्याच महिन्यात ‘मायलेज प्लस’ आणली. प्रारंभी जितके मैल उड्डाण तितके माइल्स, असा सरळ हिशेब होता. १९८७ मध्ये सिटीबँकेच्या सहकार्याने अ‍ॅडव्हांटेजचे क्रेडिट कार्ड निघाले आणि मैल व माइल यांचा संबंध सुटू लागला. बँका विमान कंपन्यांकडून माइल्स रोख पैशाने विकत घेऊन कार्डधारकांना देऊ लागल्या. १९९९ साली कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने खाद्यपदार्थ कंपनीच्या सवलत योजनेचा लाभ घेऊन पुडिंगचे १२,१५० डबे खरेदी केले व सुमारे साडेबारा लाख माइल्स मिळविले. त्यासाठी त्याला विमानात पाऊलही ठेवावे लागले नाही!

बिझनेस क्लासच का :

विमानातील आसन हा नाशवंत माल होय. विमान उडाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. असे असूनही कंपनी बिझनेस क्लासचे उरलेले आसन स्वस्तात विकत नाही. या वर्गाचे मुख्य ग्राहक म्हणजे ज्यांचे भाडे त्यांची संस्था वा उद्योगसमूह भरतो असे प्रवासी. रोख दर उघडपणे उतरविला, तर तेही तोच दर मागतील आणि नेहमीचे उत्पन्न बुडेल. माइल्सच्या रूपाने दिलेले आसन मात्र रोख दराला धक्का लावीत नाही. स्वतःच्या खिशातून एवढे भाडे कधीही न भरणाऱ्या प्रवाशाला ते देता येते आणि कंपनीला पडणारा जादा खर्च भोजनासारख्या किरकोळ बाबींपुरताच असतो. अर्थशास्त्रात ज्याला मूल्यभेद म्हणतात, त्याचेच हे एक रूप आहे. एखादे आसन रोखीने विकले जाणार नाही असा कंपनीचा अंदाज होतो, तेव्हाच ते माइल्ससाठी खुले केले जाते. म्हणूनच कमी माइल्समधील आसने सुमारे अकरा महिने आधी वेळापत्रक खुले होताना, किंवा उड्डाणाला थोडे दिवस उरले असता आढळतात. सुट्टीच्या हंगामात ती जवळजवळ नसतातच.

मूल्याचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, बिझनेस क्लासचे तिकीट ३,००,००० रुपयांचे आहे आणि तेच ९०,००० माइल्स व ३०,००० रुपये कर भरून मिळते. येथे एका माइलचे मूल्य ३ रुपये झाले. इकॉनॉमीचे तिकीट ७०,००० रुपयांचे असून ते ५०,००० माइल्स व २०,००० रुपयांत मिळत असेल, तर एका माइलचे मूल्य १ रुपया भरते. या विषयावरील बहुतेक सल्ला येथेच थांबतो आणि बिझनेस क्लास तिप्पट फायद्याचा ठरवून मोकळा होतो. तथापि जो प्रवासी त्या आसनासाठी स्वतःच्या खिशातून फार तर १,२०,००० रुपये मोजायला तयार आहे, त्याची खरी बचत ९०,००० रुपयेच होय. म्हणजे माइलमागे पुन्हा १ रुपया. उरलेले दोन रुपये कागदावरचे आहेत. मुंबई ते न्यूयॉर्क हा पंधरा-सोळा तासांचा थेट प्रवास पाठदुखी असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीला करावयाचा असेल, तर पूर्ण आडवे होता येणाऱ्या आसनाची किंमत तिच्या लेखी निश्चितच अधिक असेल. असे आसन ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये आणले व त्यानंतर इतरांनी ते स्वीकारले.

एकाच आसनाचे अनेक भाव :

स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) व स्कायटीम (२०००) या संघटनांमुळे एका कंपनीचे माइल्स दुसऱ्या कंपनीच्या विमानात वापरता येतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्सची सदस्य आहे. त्यामुळे तिच्या विमानातील एखादे आसन एअर कॅनडाच्या वा युनायटेडच्या माइल्सनेही घेता येऊ शकते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा भाव वेगळा असतो. काही योजना माइल्सशिवाय भरमसाट अधिभारही आकारतात. एअर कॅनडाच्या ‘एरोप्लॅन’ योजनेने नोव्हेंबर २०२० मध्ये हा अधिभार काढून टाकला. तिकीट ‘मोफत’ म्हणून घेतले आणि अधिभारातच इकॉनॉमीचे भाडे गेले, असे टाळण्यासाठी माइल्स व रोख या दोहोंची बेरीज पाहणे आवश्यक ठरते.

अवमूल्यन आणि कायदा :

पूर्वी कंपन्या कोणत्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचे तक्ते प्रसिद्ध करीत. डेल्टाने २०१५ मध्ये व युनायटेडने २०१९ मध्ये ते काढून घेतले. आता मागणीनुसार भाव बदलतो. चलनाचे अवमूल्यन पूर्वी निदान जाहीर तरी होत असे.

याविरुद्ध दाद कोठे मागावी? अमेरिकन एअरलाइन्सने आधीच जमा झालेल्या माइल्सनाही नवे निर्बंध लावले, त्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असा निर्णय दिला की, राज्याच्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दावा चालणार नाही. कराराच्या भंगाचा दावा मात्र चालेल. परंतु करार कंपनीनेच लिहिलेला असतो. ‘नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग’ (२०१४) या खटल्यात वारंवार तक्रारी केल्याच्या कारणावरून सदस्यत्व रद्द झालेल्या प्रवाशाचा, कंपनीने सद्भावनेने वागण्याचे गर्भित कर्तव्य मोडल्याचा दावाही न्यायालयाने एकमताने अमान्य केला.

सदस्याच्या हाती असा अल्पाधिकार असताना कंपनीच्या दृष्टीने ही योजना किती मोलाची असते, हे २०२० च्या साथीत उघड झाले. युनायटेडने आपली माइल्स योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. योजनेचे मूल्य तिने सुमारे २२ अब्ज डॉलर दाखविले होते. त्या वेळी संपूर्ण कंपनीच्या समभागांचे बाजारमूल्य याहून बरेच कमी होते.

भारतातील अनुभवही बोलका आहे. मुंबईस्थित जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची माइल्स योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने ती तगली व त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे आली. सदस्यांचे माइल्स कागदावर शाबूत राहिले. मात्र ज्या बिझनेस क्लासच्या आसनासाठी ते साठविले होते, ते आसनच उरले नाही. याउलट व्हिस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांचे गुण नव्या खात्यात वर्ग झाले.

उपरोक्त कारणांमुळे क्रमही उलटा ठेवावा लागतो. आधी प्रवास व उपलब्ध आसन निश्चित करावे, नंतरच बँकेच्या कार्डावरील गुण माइल्समध्ये रूपांतरित करावेत. कार्डावर असेपर्यंत ते गुण अनेक कंपन्यांकडे वळविता येतात. एकदा एका कंपनीकडे गेले की सहसा परत येत नाहीत. काही योजनांत या रूपांतरास काही दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत आसन दुसऱ्याने घेतलेले असू शकते. त्यामुळे आसन तात्पुरते राखून ठेवण्याची सोय त्या योजनेत आहे काय, याची चौकशी प्रथम करावी.