बाटलीच्या पाठीवरचे नाव : वाईनचा एक आयातदार आणि वर्गणीचे क्लब



आपला ऊस एकदा गव्हाणीत पडला की तो कुणाच्या शेतातला, कुणी किती निगुतीने वाढवलेला, हे सगळं पुसलं जातं. पोत्यावर नाव येतं ते कारखान्याचं. साखरेच्या धंद्याची रीतच तशी आहे. वाईनची रीत मात्र वेगळी. चांगल्या वाईनच्या बाटलीवर द्राक्ष पिकवणाऱ्याचं नाव असतं, गावाचं नाव असतं, कधी कधी तर जमिनीच्या तुकड्याचंही नाव असतं. पण ती बाटली परमुलखात गेली, की तिथल्या गिऱ्हाइकाला ना तो शेतकरी माहीत, ना ते गाव. मग तो विश्वास कुणावर ठेवतो? मधल्या माणसावर. हा मधला माणूस काय करतो आणि त्याने काय करू नये, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे. वाईन प्यावी की पिऊ नये हा प्रश्न ज्याचा त्याचा. इथे विषय आहे तो शेतमालाच्या विक्रीचा.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. आपल्या आसवनीत मळी आंबवून, उकळून, तिच्यापासून अल्कोहोल काढतात. वाईन म्हणजे द्राक्षाचा रस नुसता आंबवलेला. तिला भट्टी लागत नाही. त्यामुळे द्राक्षाची जात, जमीन, त्या सालचा पाऊस यांचा गुण तिच्यात उतरतो. आणि त्यामुळेच ती नाजूकही असते.

बर्कलीचा व्यापारी

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचे शहर आहे. त्याला लागून असलेल्या ऑल्बनी या गावात १९७२ साली केर्मिट लिंच नावाच्या गृहस्थाने वाईनचे लहानसे दुकान काढले. पुढे ते बर्कलीत आले. अमेरिकेत फ्रेंच वाईनच्या व्यापारावर ज्यांची मोठी छाप पडली, त्यांत या माणसाचे नाव फार वर घेतले जाते. त्याने असे काय केले?

पहिली गोष्ट म्हणजे तो स्वतः शेतावर गेला. त्या काळी फ्रान्समधला पुष्कळ माल मोठ्या व्यापारी पेढ्यांमार्फत निघे. पेढीवाले अनेक शेतकऱ्यांची वाईन विकत घेत, एकत्र करत आणि आपल्या नावाने बाटल्या भरत. लिंचने ही पेढी ओलांडली. १९७६ साली फ्रान्समध्ये राहणारे पाककलेचे जाणकार लेखक रिचर्ड ओल्नी यांच्याबरोबर तो गावोगाव हिंडला. तळघरात उतरून पिंपातली वाईन चाखायची, शेतकऱ्याशी बोलायचं, आणि पटलं तर सौदा करायचा, अशी त्याची पद्धत. या भटकंतीवर त्याने १९८८ साली एक पुस्तकही लिहिले.

दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठी बांदोल म्हणून भाग आहे. तिथले द्राक्षबागाईतदार ल्युसिएँ पेरो यांनी मूरवेद्र ही जुनी जात टिकवण्यासाठी आयुष्य वेचले. ही जात उशिरा पिकते आणि उत्पन्नही कमी देते. भरघोस देणाऱ्या दुसऱ्या जाती हाताशी असताना असली जात लावायची म्हणजे धाडसच. टनेज देणारा ऊस आणि उतारा देणारा ऊस यातला फरक आपल्याला सांगायला नको. १९४१ साली बांदोलला स्वतंत्र नामांकन मिळाले, त्यात पेरो यांचा मोठा वाटा होता. पण कमी पिकणाऱ्या मालाला जास्त दर देणारा गिऱ्हाईक सापडला नाही, तर शेतकरी ती जात किती दिवस सांभाळणार? त्यांच्या ‘दोमेन तांपिए’ची वाईन अमेरिकेत पोचवून लिंचने असे गिऱ्हाईक उभे केले.

गारव्याचा कंटेनर

दुसरी गोष्ट वाहतुकीची. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटतं, उतारा उतरतो. वाईनचंही तसंच आहे. तळघराचा गारवा म्हणजे साधारण १३ अंश सेल्सिअस. तीच वाईन लोखंडी कंटेनरात घालून, उन्हाळ्यात, उष्ण समुद्रातून आठवडेच्या आठवडे नेली तर ती आतल्या आत शिजते. बाटली बाहेरून जशीच्या तशी दिसते, पण चव मेलेली असते.

बर्गंडी प्रांतातल्या एका बागाईतदाराच्या तळघरात चाखलेली वाईन आणि कॅलिफोर्नियात उतरलेली तीच वाईन, यात जमीन-अस्मानाचा फरक पडल्याचे लिंचच्या ध्यानात आले. तेव्हापासून त्याने गारव्याच्या कंटेनरचा हट्ट धरला. त्याला भाडे जास्त पडते. इतर व्यापाऱ्यांना तो खर्च वायफळ वाटे. पण शेतकऱ्याने वर्षभर घाम गाळून केलेला माल शेवटच्या महिन्यात वाटेवर बिघडू द्यायचा, ही खरी उधळपट्टी आहे, असा त्याचा हिशेब होता. वाईन फार गाळू नये, गाळणीबरोबर तिचा गुणही निघून जातो, हाही त्याचा आग्रह होता आणि त्यासाठी तो शेतकऱ्यांशी हुज्जत घालायचा.

अमेरिकेत बाहेरून आणलेल्या वाईनच्या बाटलीवर आयातदाराचे नाव छापावेच लागते. इतरांच्या दृष्टीने ती कायद्याची एक ओळ. पण होता होता असं झालं, की दुकानात अनोळखी बाटली दिसली तर जाणकार गिऱ्हाईक ती फिरवून पाठीमागचे नाव वाचू लागले. शेतकरी माहीत नाही, गाव माहीत नाही, पण आणणारा माहीत आहे ना? मग घ्या! आयातदाराचे नाव हीच हमी झाली.

फ्रान्स सरकारने त्याला १९९८ साली कृषिसेवेचा सन्मान दिला आणि २००५ साली ‘लेजियों दोनर’ हा मानाचा किताब दिला. १९९८ सालीच त्याने ब्रुनिए कुटुंबाबरोबर भागीदारीत जिगोंदास गावची ‘ले पालिएर’ ही द्राक्षशेती विकत घेतली. म्हणजे व्यापारी स्वतःच बागाईतदार झाला.

वर्गणीचा क्लब म्हणजे काय?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. लिंचचे दुकान निघाले त्याच १९७२ साली, कॅलिफोर्नियातच, पॉल कालेमकेरियन या दुकानदाराने ‘महिन्याची वाईन’ असा क्लब काढला. कल्पना सोपी. गिऱ्हाइकाने वर्गणी भरायची. दुकानदाराने दर महिन्याला दोन बाटल्या निवडायच्या, त्यांची माहिती लिहायची आणि घरपोच पाठवायच्या. पुस्तकांच्या बाबतीत हा प्रयोग अमेरिकेत १९२६ पासून ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ करीत होता. पुढे असे वाईन क्लब शेकड्यांनी निघाले. वायनऱ्यांचे निघाले, वर्तमानपत्रांचे निघाले, आयातदारांचेही निघाले. लिंचच्या दुकानाचेही आहेत.

यात धंद्याचे गणित असे. आयातदाराला महिन्याला किती पेट्या नक्की खपणार हे आधीच कळते. त्यामुळे ज्या लहान शेतकऱ्याकडे वर्षाला थोडाच माल निघतो, त्याचा सगळा माल तो एकरकमी उचलू शकतो. शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळते. वर्गणीदाराला, स्वतः कधी हात लावला नसता अशी नवी वाईन कळते. कायद्याची अडचणही हळूहळू सैल झाली. राज्यातल्या वायनऱ्यांना घरपोच विक्रीची मुभा आणि परराज्यातल्यांना बंदी, असा भेदभाव राज्यांना करता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला.

पण गोम कुठे आहे?

गोम अशी, की क्लबात निवड गिऱ्हाईक करीत नाही. ती दुसऱ्याच्या हाती सोपवलेली असते. निवडणारा लिंचसारखा असला तर ठीक. नसला तर न खपलेला माल वर्गणीदाराच्या गळ्यात जातो. काही मोठे क्लब स्वतःच्याच नावाचे लेबल लावतात. ते दुसऱ्या दुकानात मिळतच नाही, म्हणून दराची तुलना करता येत नाही, आणि मूळ शेतकऱ्याचं नावही हरवतं. म्हणजे फिरून पुन्हा पेढीचाच प्रकार. शिवाय नाव नोंदवणे सोपे, काढणे अवघड! ‘नको’ असे मुदतीत कळवले नाही तर माल येणारच, या पद्धतीवर अमेरिकेत १९७३ साली सरकारला नियम करावे लागले, ते उगीच नव्हे.

सहकाराचे उत्तर

यावर एक जुने उत्तर आहे, आणि ते आपल्या ओळखीचे आहे. १८७४ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तिथल्या तळघरात पोर्तुगालहून आलेली वाईनची पिंपे कुणी विचारीना म्हणून पडून होती. ती खपवण्यासाठी मंडळी जमली आणि त्यातून एक सहकारी सोसायटी उभी राहिली. आज ती ‘द वाईन सोसायटी’ म्हणून ओळखली जाते. सभासदाने एकच भाग घ्यायचा. तो जन्मभर चालतो आणि मागे वारसालाही देता येतो. भागावर लाभांश नाही. उरलेला पैसा खरेदीत आणि दर आटोक्यात ठेवण्यात जातो. कुणावर खरेदीची सक्ती नाही. ज्याला हवे त्याने ठराविक महिन्यांनी पेटी मागवावी, नको त्याने मागवू नये. निवड इथेही जाणकार नोकरच करतात, पण ते जबाबदार असतात ते सभासदाला, कारण मालक तोच.

हे सगळे आपण का वाचावे? महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले. पण २००८-०९ च्या मंदीनंतर अनेक लहान वायनऱ्या अडचणीत आल्या. द्राक्ष पिकवता येत होतं, वाईनही करता येत होती. अडलं ते विकण्यापाशी. गूळ असो, बेदाणा असो, वाईन असो, माल करणे हे अर्धेच काम आहे.

तेव्हा उद्या कुणी मध्यस्थ दारात आला, किंवा आपणच काही माल वर्गणीने घरपोच द्यायचे ठरवले, तर तीन गोष्टी विचाराव्यात. पिकवणाऱ्याचं नाव गिऱ्हाइकापर्यंत पोचतं का? वाटेत माल बिघडला तर त्याची झळ मधल्या माणसाच्या खिशाला आणि नावाला लागते का? आणि गिऱ्हाइकाला ‘पुरे’ म्हणता येतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर तो मध्यस्थ दलाल नव्हे, आपल्या धंद्यातला जोडीदार समजावा. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर सही करण्याआधी चार माणसांना विचारावं.

जय सहकार!