ऑसिलोस्कोपमधील ट्रिगर
ऑसिलोस्कोप अर्थात दोलनदर्शकाच्या पडद्यावर तरंगाचे रेखन कोणत्या क्षणी सुरू व्हावे हे ठरविणाऱ्या योजनेस ट्रिगर म्हणतात. पडद्यावरील प्रकाशबिंदू डावीकडून उजवीकडे पुन्हापुन्हा धावतो. प्रत्येक फेरी तरंगाच्या एकाच अवस्थेपासून सुरू झाली, तरच आकृत्या एकमेकींवर तंतोतंत बसून चित्र स्थिर दिसते.

महाराष्ट्रातील घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरमधून घेतलेल्या या तरंगाचे रेखन दर २१ मिलिसेकंदांनी सुरू झाले, तर चित्र प्रत्येक फेरीत १ मिलिसेकंदाइतके डावीकडे सरकते. पळणारी आकृती पाहून नवशिका विद्यार्थी बहुधा तरंगालाच दोष देतो. वास्तविक तरंग निर्दोष असतो.

ही प्रारंभाची अवस्था व्होल्टतेच्या पातळीने निश्चित करतात. मात्र शून्य व्होल्टची पातळी हा तरंग प्रत्येक आवर्तनात दोनदा ओलांडतो, एकदा चढताना व एकदा उतरताना. म्हणून पातळीबरोबर दिशाही निवडावी लागते. पातळी तरंगाच्या शिखराहून वर ठेवली, तर ती कधीच ओलांडली जात नाही. अशा वेळी ‘नॉर्मल’ पद्धतीत नवे रेखन होतच नाही. ‘ऑटो’ पद्धतीत ते होते, पण चित्र पळत राहते.

ट्रिगरने सुरू होणारे रेखन प्रयोगशाळांत रुळविण्यात टेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीच्या १९४७ मधील ५११ या ऑसिलोस्कोपचा मोठा वाटा आहे. आजचे अंकीय ऑसिलोस्कोप स्मृतीत अखंड नोंद ठेवत असल्याने ट्रिगरपूर्वी काय घडले तेही दाखवितात.