गच्चीवरची टाकी काय काय मागते

छत्रपती संभाजीनगरात भाड्याचं घर बघायला गेलेला माणूस खोल्या नंतर मोजतो. आधी विचारतो, "हौद केवढा आहे?" प्रश्न रास्त आहे. गेली कित्येक वर्षं इथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात आठ-आठ दिवसही जातात. मधले दिवस घर साठ्यावर चालतं. टाकी विकणारा दुकानदार लिटरचा भाव सांगतो, वॉरंटीही सांगतो. टाकी घरात आली की आपल्याला एक नोकरीही लागते, हे मात्र तो सांगत नाही.

पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून. जायकवाडी काठोकाठ भरलं तरी पातळी १५२२ फूट, आणि शहर सरासरी साडेअठराशे फुटांवर. म्हणजे थेंब न् थेंब वर चढवावा लागतो. ढोरकीन, फारोळ्याचं जलशुद्धीकरण केंद्र, नक्षत्रवाडी असे टप्पे घेत पाणी शहरात येतं आणि व्हॉल्व्ह फिरवून एकेका वसाहतीला सोडलं जातं. मलिक अंबरच्या काळात, सतराव्या शतकात, नहर-ए-अंबरीनं डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारावर गावात आणलं होतं. तेव्हाचे हौद सगळ्यांचे होते. आता दर घराचा हौद वेगळा आणि दर घरमालक आपापल्या घरापुरती महापालिका.

या महापालिकेचा पहिला हिशेब साठ्याचा. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर, हे सरकारी मानक. चार माणसांचे झाले ५४० लिटर, सात दिवसांचे ३७८०. म्हणून गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीनं भागत नाही, अंगणात जमिनीखाली हौद बांधावा लागतो. सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाच फूट खोल असा हौद घेतला तर सव्वाचार हजार लिटर पाणी मावतं. वर हजार लिटर म्हणजे स्लॅबवर एक टन वजन, हेही लक्षात असू द्या. टाकी बीम-कॉलमच्या आधारावर ठेवायची, मोकळ्या स्लॅबच्या मधोमध नाही.

खालचं पाणी वर चढवायला मोटर. लोकांना वाटतं मोटर विजेनं पैसे खाते. तसं नाही. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर हजार लिटर पाणी दुमजली घरावर चढवायला ढोबळमानानं पाव ते अर्धा युनिट घेते. महिन्याची बेरीज आठ-दहा युनिटांपलीकडे क्वचितच जाते. मोटर खाते ती दुर्लक्षानं. हौदातलं पाणी संपलं आणि मोटर कोरडी फिरत राहिली की पाण्यावर थंड राहणारं सील तापतं आणि गळायला लागतं. फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की पाइपातलं पाणी खाली उतरतं, मोटर हवा धरते, मग तांब्या-तांब्यानं पाणी ओतत बसा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी मिसळत असाल तर क्षार बसून आतला पंखा जाम होतो. बटण दाबल्यावर मोटर नुसती घूं करते ती यामुळे, नाहीतर कंडेन्सर गेल्यामुळे. आमच्याकडे पाणी एकदा रात्री अडीचला आलं होतं. हौद भरल्यावर मी झोपेत मोटर लावली, घूं आवाज ऐकला आणि "चालू झाली" असं समजून परत आडवा झालो. सकाळी वाइंडिंग जळल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. घूं ऐकू आलं की आधी बटण बंद करायचं, हे मी रिवाइंडिंगचे पैसे मोजून शिकलो.

नळाला थेट मोटर लावणं हा वेगळाच प्रकार. बेकायदेशीर तर आहेच, पण त्याचा फटका आपल्यालाही बसतो. मोटर लाइन ओढते तेव्हा पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. वर गल्लीच्या टोकाच्या घरी नळ कोरडा राहतो तो वेगळाच.

साठवलेलं पाणी शिळं होतं म्हणजे काय होतं? शुद्धीकरण केंद्रात घातलेला क्लोरीन नळाशी पोचेपर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरावा, अशी अपेक्षा असते. हौदात दिवस जातील तसा तो उडत जातो, तळाचा गाळ आणि भिंतीची बुळबुळ त्याला आणखी लवकर खाऊन टाकतात. फारोळ्यात शुद्ध झालेलं पाणी सहाव्या दिवशी तुमच्या घरात बिनपहाऱ्याचं असतं. म्हणून पिण्याचं पाणी आलेल्या दिवशीच वेगळं भरायचं आणि गाळून उकळायचं. वरची टाकी काळी असते ती उजेड अडवण्यासाठी. उजेड नसला की शेवाळ धरत नाही. झाकण फुटलं तर त्या काळ्या रंगाचा उपयोग संपला.

झाकणावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नाही, आपण निगुतीनं साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आता पाण्याचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून बघा. रोज पाणी येणाऱ्या गावात ड्रम दोन दिवसांत रिकामा होतो आणि अळी वाहून जाते. आठ दिवसांच्या गावात तिला पूर्ण मुदत मिळते. आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा. पण पुढचं पाणी परवा येणार असेल तर हौद रिकामा करायचा कोणाच्या जिवावर? सल्ला चूक नाही, तो रोजच्या पाण्याच्या गावासाठी आहे. इथे त्याची वाटणी करावी लागते. बादल्या, रांजण, कूलर, कुंड्यांच्या ताटल्या आठवड्याला कोरड्या करायच्या. ड्रमला कापड घट्ट बांधायचं. हौद आणि टाकी मात्र डासाला शिरताच येणार नाही अशी बंद ठेवायची. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाच्या तोंडालाही बारीक जाळी. आणखी एक: मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे हौद नुसता उपसून भागत नाही, भिंती घासाव्या लागतात. हा डास फार लांब उडत नाही. तुमच्या हौदातला बहुधा तुम्हाला किंवा शेजाऱ्यांनाच चावतो.

घासायला हौदात उतरण्याआधी मोटरचा प्लग काढायचा, झाकण दोन-चार तास उघडं टाकायचं, आणि वर एक माणूस उभा ठेवायचा. लहान मूल घरात असेल तर झाकणाला कुलूप. या बाबतीत मी कोणाचं "आम्ही लक्ष ठेवतो की" ऐकत नाही.

नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. १६८० कोटींची योजना वाढत २७४० कोटींवर गेली. तिच्यातून रोज पाणी येऊ लागलं की सव्वाचार हजार लिटरच्या हौदाचं काय करायचं, हा प्रश्न आजच कोणी विचारत नाही. हौद भरलेला ठेवला तर घर आठवडाभर शिळंच पाणी वापरत राहील, कारण जेवढं खर्च होईल तेवढंच ताजं वर येऊन मिसळणार. उपाय फुकटातला आहे. हौदातल्या बॉल कॉकची दांडी खाली वाकवायची, म्हणजे पाणी आधीपेक्षा खालीच थांबेल.