भरपूर ऊन, तरीही अंधार

सायंकाळी दिव्याचे बटण दाबताना ही वीज आली कोठून, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पॅसिफिक महासागरातील छोट्या बेटांवर मात्र तो प्रत्येक कुटुंबाला करावा लागतो. किरिबाती हा असाच एक देश. १९७९ साली स्वतंत्र झालेल्या या देशाची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपल्याप्रमाणेच कॅथलिक आहेत.

पहिली अडचण भूगोलाची आहे. किरिबातीच्या ३३ बेटांची एकूण जमीन केवळ ८०० चौरस किलोमीटरच्या आसपास. परंतु ही बेटे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर सागरावर, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहूनही मोठ्या प्रदेशावर विखुरलेली आहेत. त्यांना एकाच वीजवाहिनीने जोडणे अशक्य. प्रत्येक बेटाला आपली वीज आपणच निर्माण करावी लागते. त्यासाठी लागणारे डिझेल दूरदेशाहून जहाजाने येते. तेलाचा भाव चढला किंवा जहाज लांबले की त्याची झळ थेट घरातल्या दिव्याला बसते.

मग विषुववृत्तावरील हे भरपूर ऊन का वापरू नये? तसा प्रयत्न फार पूर्वीच झाला. १९८४ साली तेथे सौरऊर्जा कंपनी स्थापन झाली आणि ती कुटुंबांना सौरसंच विकू लागली. काही वर्षांतच बहुसंख्य संच निकामी झाले. दोष सूर्याचा नव्हता, यंत्राचाही फारसा नव्हता. बॅटरी संपली की लोक स्वस्त पडणारी मोटारीची बॅटरी जोडत. ती बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर जोरदार प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. रोज रात्री रिती केल्यास ती लवकरच मरते. दुरुस्ती जाणणारा माणूस गावात नव्हता आणि नव्या बॅटरीसाठी हाती पैसाही नव्हता.

१९९२ च्या सुमारास, जपानच्या साहाय्याने, उत्तर तारावा येथे वेगळी पद्धत अवलंबण्यात आली. संच कंपनीच्याच मालकीचा राहिला. कुटुंबाने दरमहा ठरावीक शुल्क द्यावयाचे आणि बेटावरच राहणाऱ्या तंत्रज्ञाने घरोघरी जाऊन संच तपासावयाचा, अशी ही व्यवस्था होती. पुढे युरोपीय संघाच्या मदतीने ती इतर बेटांवरही पोहोचली. दिवा टिकला तो निगा राखणाऱ्या माणसामुळे.

तथापि अडथळे संपलेले नाहीत. खारा वारा धातूचे भाग गंजवितो. काही वर्षांनी बॅटरी बदलावीच लागते आणि जुनीचे काय करावे, हा प्रश्न उरतो. कारण या बेटांवर गोड्या पाण्याचा थर जमिनीखाली अगदी उथळ असतो आणि तो सहज दूषित होऊ शकतो. खोबरे व मासळी यांवर जगणाऱ्या कुटुंबांना दरमहा शुल्क भरणे जड जाते. देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या राहत असलेल्या दक्षिण तारावा येथील वीजजाळ्याला आता सौरप्रकल्प जोडले आहेत. परंतु ढग येताच वीज घटते. साठवणुकीची पुरेशी सोय नसेल, तर डिझेल जनित्र चालू ठेवावेच लागते. शिवाय त्या चिंचोळ्या पट्टीवर सौरपट्ट्या मांडण्यास मोकळी जागा कमी आहे.

गरीब देशांनी कमी प्रदूषण करणारी ऊर्जा निर्माण करावी, परंतु त्यासाठी प्रदूषणाच्या किमतीवर समृद्ध झालेल्या देशांनी त्यांना साहाय्य करावे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. वातावरणात अत्यल्प कर्बवायू सोडणाऱ्या आणि तरीही वाढत्या समुद्राला तोंड देणाऱ्या किरिबातीला हे शब्द तंतोतंत लागू पडतात.

साहाय्य म्हणजे केवळ यंत्र पाठविणे नव्हे, हाच किरिबातीचा धडा आहे. एखाद्या शाळेला वा वस्तीला सौरसंच देणगी देताना आपणही दोन प्रश्न विचारूया: त्याची देखभाल कोण करणार? आणि पुढच्या बॅटरीचा खर्च कोठून येणार?