आष्टीकरांची छोटी नगरवारी
सुट्टीला जोडून शेजारचे शहर पाहून येण्याची सोय बीड जिल्ह्यातील आष्टीला २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर–नवीन आष्टी रेल्वे सुरू झाल्याने लाभली. १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, भुईकोट (सपाट जमिनीवर बांधलेला, खंदकाने वेढलेला) किल्ला असून त्यातील कैदेतच नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. डोंगरावरचा ‘चांदबिबी महाल’ मात्र महाल नसून निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. खरेदीला कापडबाजार पुरेसा आहे. जेवणात शिपी आमटी, म्हणजे भाकरी कुस्करून खाण्याची झणझणीत, पातळ डाळीची आमटी, चुकवू नये. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र सोबत ठेवावे.