जेटचं मॉडेल (भाग सहावा) : आधी इंजिनाशिवाय

एचएफ-२४ मारुत या लढाऊ जेट विमानाचं पहिलं उड्डाण १७ जून १९६१ रोजी झालं. पण त्याच्या दोन वर्षं आधीच, १९५९ मध्ये, मारुतच्याच मापाचं आणि आकाराचं एक लाकडी विमान बंगळूरच्या आकाशात उडत होतं. त्याला इंजिन नव्हतं. एक्स-२४१ असं त्याचं नाव. डकोटा विमान त्याला दोराने ओढत उंचावर नेई आणि तिथे सोडून देई. मग वैमानिक ते तरंगत खाली आणून उतरवत. अशी एकूण ७८ उड्डाणं झाली. दुसऱ्या महायुद्धातलं फॉकवुल्फ १९० घडवणारे कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरला आले, त्यांच्या देखरेखीखालचं हे काम. जेट इंजिन बसवण्याआधी आकार हवेत कसा वागतो ते पाहून घ्या, हा त्यामागचा विचार. आपणही तेच करणार आहोत. पंखा, मोटर, बॅटरी यांचं नावही या आठवड्यात काढायचं नाही.

आपलं मारुत १:२४ मापाचं. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ९ मीटर, म्हणजे आपला साडेसदतीस सेंटिमीटर. लांबी साधारण ६६ सेंटिमीटर. ३ मिलिमीटर जाडीच्या डेप्रॉन फोममधून धड, पंख आणि शेपट्या कापून झाल्या असतील, तर आता जोडणी. डेप्रॉन आणि थर्माकोल या दोहोंना फेव्हिक्विक खाऊन टाकतं. थेंब पडला की तिथे खड्डा. फेव्हिकॉल वापरा, पातळ थर द्या आणि रात्रभर वाळू द्या. डिंकाचंही वजन असतं.

वजनाकडे मी इतकं लक्ष द्यायला सांगतो, त्याला कारण आहे. मूळ पंखाचं क्षेत्रफळ २८ चौरस मीटर. ते आपल्या मापात ४८६ चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे साधारण एका मोठ्या वहीच्या पानाएवढं. सगळं मॉडेल ५० ग्रॅममध्ये बसलं, तर ते सेकंदाला साडेचार-पाच मीटर वेगावर तरंगत राहील. हाताने हलकेच सोडलं तरी एवढा वेग मिळतो. वजन दुप्पट झालं, की लागणारा वेग सुमारे १.४ पट होतो, आणि जमिनीवर आदळतानाचा धक्का त्याहून कितीतरी जास्त वाढतो.

पंखाचा छेद मूळ विमानासारखा गोलसर करण्याचा मोह आवरा. हवेचा प्रवाह पंखाला कसा चिकटून राहतो ते रेनॉल्ड्स अंकावरून कळतं. खऱ्या मारुतसाठी तो चार कोटींच्या घरात जातो; आपल्यासाठी पन्नास हजारांच्या आसपास राहतो. एवढ्या खालच्या अंकाला जाड पंखावरून हवा लवकर सुटते. पातळ, किंचित कमान दिलेला पंख इथे सरस ठरतो. पुढची कड पॉलिश पेपरने घासून गोल करा, मागची निमुळती.

आता या भागातलं सर्वांत महत्त्वाचं काम, गुरुत्वमध्य. मागे वळलेल्या पंखात तो नजरेने ठरवता येत नाही. कागदावर एका बाजूचा पंख विमानाच्या मध्यरेषेपर्यंत काढा. मुळाशी असलेली पंखाची रुंदी मोजा आणि तेवढी रेषा टोकापासून पुढे वाढवा. टोकाची रुंदी मोजा आणि तेवढी मुळापासून मागे वाढवा. ही दोन नवी टोकं सरळ रेषेने जोडा. मुळाच्या आणि टोकाच्या रुंदीचे मध्यबिंदू जोडणारी दुसरी रेषा काढा. दोन्ही जिथे छेदतात, तिथली पंखाची रुंदी म्हणजे सरासरी रुंदी. तिच्या पुढच्या कडेपासून २० टक्के मागे खूण करा आणि ती खूण आडवी मध्यरेषेवर आणा.

मारुतचे पंख धडाच्या खालच्या अंगाला आहेत, म्हणून तोलताना मॉडेल उलटं धरा. खुणेच्या रेषेत दोन्ही पंखांखाली पेन्सिलीचं मागचं रबर टेकवा. शेपटी खाली झुकली, तर नाकात मातीचा गोळा किंवा शिशाचे छर्रे भरा. ते बहुधा लागतातच.

उडवण्याआधी आणखी एक गोष्ट. मागे वळलेल्या पंखांची टोकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात. वेग कमी झाल्यावर उचल आधी टोकांनी सोडली, तर नाक आपोआप वर जातं आणि विमान कोसळतं. यावर उपाय सोपा आहे: दोन्ही टोकांची मागची कड जेमतेम २ मिलिमीटर वर वळवा, दोन्हीकडे सारखीच.

वारा पडलेली सकाळ आणि गवताचं मैदान निवडा. मॉडेल खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, सरळ पुढे सोडा. वर फेकू नका. ते वर जाऊन थांबलं आणि कोसळलं, तर नाकात थोडं वजन वाढवा. थेट खाली घुसलं, तर वजन कमी करा, किंवा आडव्या शेपटीची मागची कड केसभर वर करा. एका वेळी एकच बदल करा.

मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात खरं मारुत उभं आहे. जमलं तर बाजूने बघून या: कमरेत बारीक होणारं धड, हवेच्या तोंडांशी असलेले अर्धे शंकू. टँक यांना हव्या त्या ताकदीचं इंजिन या विमानाला कधीच मिळालं नाही, आणि इतका देखणा आकार शेवटपर्यंत अपुऱ्या जोरावर उडत राहिला, याची मला खंत वाटते. आपल्या मॉडेलला पंखा निवडताना हे ध्यानात ठेवू. पुढच्या आठवड्यात तोच विषय. तोवर मॉडेल दहा-बारा मीटर सरळ तरंगेल असं करा, आणि त्याचं वजन व गुरुत्वमध्याची जागा पेन्सिलीने पंखाखाली लिहून ठेवा. पुढची सगळी गणितं त्या दोन आकड्यांवरूनच करायची आहेत.